दीड सेंटिमीटर बाकी

शेवटच्या पानाच्या अगदी तळाशी, जाहिरातींच्याही खाली, एक ओळ असते. हा पेपर कोणाच्या मालकीचा, कोणी छापला, कोणी प्रसिद्ध केला, ते त्या ओळीत लिहिलेलं असतं. अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. ती ओळ वाचणारा माणूस मी पाहिला नव्हता, आणि ती रोज पानावर लावणारा मी, मीही कधी वाचली नव्हती. म्हणूनच एका मंगळवारी आमच्या पेपरच्या तळाशी मी समोरच्या पेपरची ओळ लावून मोकळा झालो, आणि ते मला दुसऱ्या दिवशी चहा पिताना कळलं.

समोरचा पेपर म्हणजे खरोखरच समोरचा. मध्ये रस्ता, अलीकडे आम्ही, पलीकडे ते. दोघांचं हाडवैर. आम्ही पूल हवा म्हटलं की ते पूल पडणार म्हणायचे. त्यांच्या पहिल्या पानावर ‘चिमटा’ नावाचं सदर होतं आणि त्याचा मुख्य धंदा आमच्या चुका काढणं. एकदा आम्ही मेंढ्यांच्या बातमीला शेळीचा फोटो लावला, तर चिमटेवाल्याने ती शेळी आठ दिवस चारली.

आता तर मी आमचा अख्खा पेपरच त्यांच्या नावावर करून दिला होता.

झालं होतं एवढंच, की त्या रात्री नेहमीचं कोरं पान माझ्या कॉम्प्युटरवर उघडेना. दोन्ही पेपर एकाच छापखान्यात छापले जातात. शहरात दुसरा मोठा छापखाना नाही, त्यामुळे त्यात कोणाला वावगं वाटत नसे. छापखान्याला फोन केला, तर तिथला माणूस जांभई देत म्हणाला, "सामाईक फोल्डरमध्ये बघ की, शेवटचं पान म्हणून एक पडलंय." मी बघितलं, घेतलं, भरलं. कोऱ्या पानाचा तळ मात्र कोरा नव्हता.

बुधवारी मी खुर्चीच्या काठावर बसून दिवस काढला. संपादकसाहेबांच्या केबिनचं दार वाजलं की मी टेबलाखाली वाकून पेन्सिल शोधायचो. गुरुवारी पहाटे उठून समोरचा पेपर आणला आणि रस्त्यातच ‘चिमटा’ उघडला. त्यात उन्हाळ्यावर लिहिलं होतं. उन्हाळा फार आहे, असं. आमच्याबद्दल चकार शब्द नाही. मी छोट्या गावच्या शाळेत शिकलेला. मास्तरांचं लक्ष नाही असं दिसलं की देवाचे आभार मानायचे, कारण विचारायचं नाही, ही आमची शिकवण. मी आभार मानले.

कारण विचारणारा माणूस त्याच दिवशी अकरा वाजता ऑफिसात आला.

त्यांना आमच्याकडे सगळे मापकाका म्हणत. वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. अंगाने काडी, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीतून डोकं बाहेर काढलेली तीस सेंटिमीटरची स्टीलची पट्टी. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी ते यायचे, स्वागतकक्षातल्या बाकावर बसायचे, संपादकांना चिठ्ठी पाठवायचे, आणि दीड तासाने "साहेब मीटिंगमध्ये आहेत" हे ऐकून जायचे. दोन वर्षं हे चाललेलं. आमचा शिपाई त्यांच्या येण्यावर घड्याळ लावायचा.

त्या दिवशी मात्र त्यांनी चिठ्ठी पाठवली नाही. शिपाई माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "मापकाका विचारतायत, शेवटचं पान कोण लावतं."

"मी रजेवर आहे म्हणावं."

"म्हटलं. ते म्हणाले, रजेवरच्या माणसाला बोलाव."

मी बाहेर गेलो. काकांनी मला वरपासून खालपर्यंत असं पाहिलं, जसं दुधवाल्याच्या मापाकडे पाहत असतील. मग पेपर उलगडला, तळाच्या ओळीवर भिंग ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "हे तुम्हाला कोणी करायला सांगितलं?"

"कोणी नाही हो काका. चूक झाली."

"सगळे हेच म्हणतात. पारड्याखाली लोहचुंबक सापडला तरी म्हणतात, पोरांनी खेळताना चिकटवला असेल. कोणाचे माणूस तुम्ही?"

"माझ्या आईचा," मी म्हणालो. घाबरलो की मी असलं काहीतरी बोलतो.

ते हसले नाहीत. म्हणाले, "चला, बाहेर चहा पिऊ. इथे कान फार आहेत." शिपायाने लगेच आपले कान दुसरीकडे वळवले.

चहाच्या टपरीवर पहिली पाच मिनिटं आम्ही एकमेकांवर संशय घेण्यात घालवली. त्यांनी मला फोन टेबलावर उलटा ठेवायला लावला. मी त्यांना पिशवी उघडायला लावली. आत पट्टी, भिंग, जाड वही आणि पावाची अर्धी लादी निघाली. रेकॉर्डिंगचं यंत्र वगैरे काही नव्हतं. पण पावात असू शकतं, असं मला वाटून गेलं, हे कबूल करतो.

"आता ऐका," काका म्हणाले. "समोरचे तुमची शेळी आठ दिवस चारतात. आणि त्यांचा मालक तुमच्या पेपरवर छापला गेला, तर गप्प बसतात. का?"

"त्यांनी पाहिलं नसेल."

"मी पाहिलं. माझ्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे."

मग त्यांनी वही उघडली आणि आपली कहाणी सांगितली. माणूस असा, की कहाणीही सेंटिमीटरमध्ये सांगतो.

दोन वर्षांपूर्वी, त्यांच्या निवृत्तीच्या आदल्या महिन्यात, आमच्या पेपरात बातमी आली होती: वजनमापे निरीक्षक पेट्रोलपंपवाल्यांच्या खिशात. पहिलं पान, दोन कॉलम, उंची बावीस सेंटिमीटर. बातमी खरी होती, पण ती त्यांच्या खात्यातल्या दुसऱ्याच निरीक्षकाची. फोटो मात्र काकांचा छापला गेला. पंपावर पाच लिटरचा तपासणीचा डबा हातात धरून ते उभे आहेत, असा. फोटोखाली नाव नव्हतं. गरजही नव्हती. अख्खा बाजार त्यांना चेहऱ्याने ओळखायचा.

काकांनी तक्रार केली. आठवड्याने खुलासा आला. सातवं पान, एक कॉलम, उंची दीड सेंटिमीटर, हर्नियाच्या पट्ट्याच्या जाहिरातीखाली. ‘एका वृत्तासोबत अनवधानाने अन्य छायाचित्र प्रसिद्ध झाले.’ कोणतं वृत्त, कोणाचं छायाचित्र, काही नाही.

"मी तक्रार मंडळाकडे गेलो," काका म्हणाले. "तुम्हाला मंडळाची रीत ठाऊक असेल."

ठाऊक होती. पेपरवाल्यांनीच काढलेलं मंडळ. त्याची मोठी मखलाशी अशी होती, की आमच्याविरुद्धच्या तक्रारीचा निकाल समोरच्या पेपरचे संपादक देणार, आणि त्यांच्याविरुद्धच्या तक्रारीचा आमचे. वैरी न्यायाधीश असला की पक्षपात कसा होईल? सरकारने नाक खुपसायची गरजच नाही, असा आमचा अग्रलेखही होता. त्याचं पान मीच लावलं होतं.

"तर समोरच्या संपादकांनी निकाल दिला. खुलासा छापला आहे, प्रकरण बंद. मी म्हटलं, वैरी असून एवढा उदार? पण आपण पडलो सरळ माणूस. सोडून दिलं." त्यांनी पुन्हा भिंग त्या ओळीवर ठेवलं. "पस्तीस वर्षं मी डब्याचे तळ तपासले. खोटा तळ बसवलेलं माप मी आवाजावरून ओळखायचो. आणि पेपरचा तळ काही कधी पाहिला नाही. तुम्ही दाखवलात."

"पण मला काहीच माहीत नाही काका."

"तेच तर उपयोगाचं आहे."

त्यावेळी नवीन कायदा होऊन चार महिने झाले होते. पेपर आणि चॅनेलं यांच्यावर देखरेख ठेवायला स्वतंत्र आयोग आला होता. त्यावर ना मंत्र्यांची माणसं, ना मालकांची. आयोग जुने निकाल उघडणार नव्हता, एक अपवाद सोडून: निकाल देणारा आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार तो, हे दोघे एकाच मालकाचे निघाले तर. अर्जाची मुदत महिनाअखेरीला संपत होती. काकांकडे संशय भरपूर होता आणि पुरावा शून्य.

"आता एवढं मनाला का लावून घेता?" मी विचारलं. "लोक विसरले असतील."

ते उठले. "चला, दाखवतो."

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात त्यांनी अर्धा किलो साखर मागितली. दुकानदाराने पिशवी काट्यावर ठेवली. काटा पाचशे चाळीसवर थांबला. त्याने वर आणखी एक मूठ टाकली आणि काकांकडे पाहून एक डोळा बारीक केला. "घ्या साहेब. तुमच्यासाठी काय मोजायचं."

काकांनी आपल्या हाताने चमच्या-चमच्याने साखर काढून परत पोत्यात टाकली, काटा बरोबर पाचशेवर येईपर्यंत. दुकानदार हसत राहिला. मागे रांगेतल्या बाई पुटपुटल्या, "सरकारी लोकांचं बरंय."

बाहेर आल्यावर काका म्हणाले, "दोन वर्षं हा मला जास्त देतोय. आधी पस्तीस वर्षं माझ्यापुढे याचे हात थरथरायचे. माझी बायको तर आता साखर आणायला तीन गल्ल्या लांब जाते."

मी पट्टीकडे पाहत राहिलो. काकांना काय हवं होतं ते मला तेव्हा नीट समजलं. त्या दुकानदाराने पुन्हा त्यांना घाबरून तोलावं, बस.

ऑफिसात परतलो तर शिपाई म्हणाला, "साहेबांनी बोलावलंय." कान वळवलेल्या माणसाने आपलं काम केलं होतं.

संपादकसाहेबांनी बुधवारचा पेपर समोर ठेवला होता. तळ वर करून. म्हणजे त्यांना माहीत होतं. म्हणजे सगळ्यांनाच माहीत होतं आणि सगळेच उन्हाळ्यावर लिहीत होते.

"ही ओळ कोणाच्या सांगण्यावरून लावलीस?"

"चूक झाली साहेब."

"आणि त्या मापवाल्याबरोबर चहा? तीही चूक?"

"साखर कमी होती साहेब, म्हणून जास्त वेळ लागला." पुन्हा तेच, घाबरलो की.

त्यांनी चष्मा काढला. "हे बघ. तुला काढलं तर उद्या तू कुठेतरी बोलत बसशील. काही दिवस इथे दिसू नकोस. सोमवारपासून समोर जा."

"समोर म्हणजे?"

"समोर म्हणजे समोर. तिथे पान लावायला माणूस कमी आहे. मी बोललोय."

"म्हणजे राजीनामा देऊ? नवीन अर्ज?"

"तुला कोणी सांगितलं एवढा विचार करायला? जा आणि काम कर."

मी केबिनमधून बाहेर आलो तो दहा मिनिटं जिन्यातच उभा. शिक्षा म्हणून वैऱ्याच्या घरी पाठवलेला मी जगातला पहिलाच माणूस असेन. आईला फोन केला. ती म्हणाली, "पगार तोच आहे ना? मग कशाला खोलात शिरतोस? पण तो साहेब काही सरळ वाटत नाही हो मला."

सोमवारी मी रस्ता ओलांडला. समोरच्या दारावर आमच्यासारखंच कार्डाचं यंत्र. आत कोणाला हाक मारावी म्हणून काचेतून डोकावत होतो, आणि सवयीने, रोज सकाळी हात जसा जातो तसा, माझ्या गळ्यातलं जुनं कार्ड यंत्राला लागलं.

टिंग. हिरवा दिवा. दार उघडलं. पडद्यावर माझं नाव आणि खाली ‘सुप्रभात’.

मी आत गेलोच नाही. दार आपोआप मिटलं. पुन्हा कार्ड लावलं. टिंग. सुप्रभात. एक टायपिस्ट बाई आतून ओरडल्या, "अहो, आत यायचंय की नुसतं दार हलवायचंय?"

त्या दुपारी मी काकांच्या घरी गेलो. दोन खोल्या, भिंतीला टेकवलेली सायकल, स्वयंपाकघरात ओट्यावर पितळी तराजू. काकूंनी दार उघडलं आणि साखळी न काढता विचारलं, "पेपरवाले?"

"हो काकू. चूक करणारा."

"थांबा." आतून कुजबुज ऐकू आली. "मला तर हा त्यांनीच पाठवलेला वाटतो. डोळे बघा कसे." मग साखळी निघाली.

मी कार्डाची गोष्ट सांगितली. काकांनी ऐकून घेतलं. कार्ड हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, पट्टीने मोजलं. का मोजलं, त्यांनाच ठाऊक.

"हे मला द्याल?"

"मग मी ऑफिसात कसा जाऊ?"

"बरोबर. आणि हे त्यांना कळलं तर एका मिनिटात बंद करतील. हे कोणाला सांगितलंत?"

"आईला."

"आई कोणाला सांगेल?"

"सगळ्यांना. पण ती दीडशे किलोमीटरवर आहे."

काकूंनी चहा आणला आणि मला उद्देशून म्हणाल्या, "आयोगापुढे खरं सांगशील का रे? की ऐन वेळी तुझी पुन्हा चूक होईल?"

खरं सांगायचं तर मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, "काकू, मी चुका मुद्दाम करत नाही."

"तेच तुमच्या त्या खुलाशातही लिहिलं होतं," काकू म्हणाल्या आणि कप घेऊन आत गेल्या.

काकांनी अर्ज मुदतीच्या दोन दिवस आधी दिला. त्यात कार्डाचा उल्लेख नव्हता. फक्त ‘एक वस्तू सुनावणीत दाखवली जाईल’. ती तारीख येईपर्यंतचे पाच आठवडे मी समोर पानं लावली, आणि रोज सकाळी यंत्राला कार्ड लावताना टिंग वाजेल की नाही म्हणून श्वास रोखला. समोरच्या ऑफिसात मला सगळे प्रेमाने वागवत. त्याचाही मला संशय यायचा. तिसऱ्या आठवड्यात चिमटेवाल्याने मला विचारलं, "तिकडची एखादी चूक सांग ना, आज काही मिळत नाहीये."

सुनावणी सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या सभागृहात होती. आयोगाचे तीन सभासद. अध्यक्ष एका कॉलेजच्या निवृत्त प्राचार्या. पहिली पाच मिनिटं त्यांच्या आवाजाने मीही सरळ बसलो.

काका उभे राहिले आणि पहिलाच प्रश्न त्यांनी विचारला. "मॅडम, माफ करा. हा चहा कोणाचा?"

"म्हणजे?"

"तक्रार मंडळात चहा या पेपरच्या ऑफिसातून यायचा. म्हणून विचारतो."

अध्यक्षबाईंनी टेबलाखालून आपला थर्मास काढून दाखवला. झाकणाला रबर लावलेलं होतं. "घरचा आहे. आणि फक्त माझ्यापुरताच आहे." काका बसले.

आमच्या पेपरच्या वतीने एक वकील उठले. वैर किती जुनं, स्पर्धा किती तीव्र, वगैरे सांगितलं. मग अध्यक्षबाई म्हणाल्या, "आणि समोरच्या पेपरतर्फे?" तेच वकील खाली बसले, फाइल बदलली, आणि पुन्हा उठले. मागे कोणीतरी खोकलं. "माझं काम मोठं आहे मॅडम," वकील म्हणाले. "एका वकिलाचे दोन पक्षकार असू शकतात."

मग मला बोलावलं. आमचे संपादकसाहेब पहिल्या रांगेत होते, समोरचे संपादक तिसऱ्या. दोघंही माझ्याकडे एकसारख्याच नजरेने पाहत होते.

"तुम्ही कुठे काम करता?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"समोर."

"कशाच्या समोर?"

"आधी जिथे होतो त्याच्यासमोर. तेव्हा हे समोर होतं."

हशा पिकला. मी तळाची ओळ सांगितली. छापखान्याचं फोल्डर सांगितलं. राजीनामा न देता, अर्ज न करता रस्ता ओलांडल्याचं सांगितलं. मग गळ्यातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "यानं दोन्ही दारं उघडतात."

वकील तिसऱ्यांदा उठले. या वेळी कोणाच्या वतीने ते त्यांनी सांगितलं नाही. "दोन्ही ठिकाणी यंत्र बसवणारा एकच असेल. तांत्रिक योगायोग. पुढच्या तारखेला आम्ही तज्ज्ञांचं..."

काका ताडकन उठले. "पुढची तारीख नको! मॅडम, पंपावर आम्ही सांगून जात नसू. सांगून गेलं की माप बरोबरच भरतं."

अध्यक्षबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग चपलांकडे. "किती लांब आहे?"

"तीन गल्ल्या," मी म्हणालो.

आणि त्या भर दुपारी सगळी सुनावणी रस्त्यावर आली. पुढे अध्यक्षबाई थर्मास घेऊन, मागे दोन सभासद, मग काका लांब ढांगा टाकत, वकील फोनवर बोलत, आणि त्या फोनकडे काकांचं सारखं लक्ष. "कोणाशी बोलताय? ठेवा तो!" वकील म्हणाले, "घरून आहे." काका म्हणाले, "घरच्यांना सांगा, दार बंद करू नका."

आधी आमच्या दाराशी. मी कार्ड लावलं. टिंग. मग रस्ता ओलांडला. समोरच्या दाराशी घाईत पहिल्यांदा कार्ड भलतीकडेच लागलं. लाल दिवा. वकिलांनी सुस्कारा सोडला. काकांनी माझं मनगट धरलं आणि कार्ड सरळ केलं.

टिंग. पडद्यावर माझं नाव. दुपारचा एक वाजला होता, तरी यंत्र म्हणालं, सुप्रभात.

अध्यक्षबाईंनी वहीत दोन ओळी लिहिल्या. "टायपिस्ट बाई," त्यांनी आत हाक मारली, "हे इथले आहेत का?"

"इथलेच की," बाई म्हणाल्या. "समोरून आलेत."

आयोगाचा आदेश तीन आठवड्यांनी आला. मंडळाचा निकाल रद्द. खुलासा पहिल्या पानावर, दोन कॉलम, बावीस सेंटिमीटर, काकांच्या त्याच फोटोसह. शिवाय दोन्ही पेपरांनी खऱ्या मालकाचं नाव तळाशी डोळ्यांना दिसेल अशा अक्षरांत छापायचं.

नाव छापून आलं. दोन्हीकडे एकच. काकांनी भिंगाशिवाय वाचलं आणि टपरीवर पेपर माझ्याकडे सरकवला.

"ओळखता?"

"नाही."

"मी ओळखतो. बातमीच्या तीन महिने आधी मी एक पंप सील केला होता. पाच लिटरमागे दीडशे मिलिलिटर कमी. त्याच्या परवान्यावर हेच नाव होतं." त्यांनी पेपरची घडी घातली. "तुझी चूक चूकच होती, हे मी मानलं. फोटोची चूक कोणाची होती, ते आता विचारायला हवं." त्यांनी मला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं होतं. फोटोची नवीन तक्रार आयोगाकडे आहे. उत्तर यायचंय.

खुलासा आला त्या दिवशी आम्ही दोघं किराणा दुकानात गेलो. दुकानदाराने पेपर काट्याशेजारीच ठेवला होता, काकांचा फोटो वर करून. काकांनी अर्धा किलो साखर मागितली. दुकानदाराने डोळा बारीक केला नाही. खाली मान घालून तोललं, पिशवीला गाठ मारली.

काका पिशवी हातावर तोलून पाहत दारापर्यंत गेले, थांबले, परत आले. "काट्यावर ठेव."

चारशे ऐंशी.

दुकानदाराचा चेहरा पांढरा पडला. "साहेब, चुकून... हात..."

"वीस ग्रॅम कमी!" काका अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाले. "मला फसवलंस! बघितलंस रे, यानं मला फसवलं!" इतका आनंदी माणूस मी नंतर पाहिलेला नाही. त्यांनी वीस ग्रॅम घेतले, बरोबर पाचशेला हात अडवला आणि बाहेर येऊन पिशवी मलाच धरायला दिली, कारण त्यांना चष्मा पुसायचा होता.

मला अजून काढलेलं नाही. साक्षीदाराला वर्षभर हात लावता येत नाही, असा नियम आहे. आमच्याकडे परत बोलावून मला सातवं पान दिलंय. हर्नियाचा पट्टा मीच लावतो. कार्ड आता एकच दार उघडतं, आणि माझ्या मागे आजकाल शिपाई जरा जास्तच वेळ उभा असतो.

आणि पहिल्या गुरुवारी अकरा वाजता काका आले. पट्टी पिशवीतून डोकं काढून होतीच. त्यांनी बाकावर पेपर पसरला, खुलाशाच्या वरच्या रेघेपासून खालच्या रेघेपर्यंत पट्टी लावली आणि मला वाकून पाहायला लावलं.

साडेवीस.

मी आत जाऊन साहेबांना सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. "दीड आधी सातव्या पानावर दिला होता ना? तो वजा केलाय."

बाहेर येऊन मी काकांना तसंच सांगितलं. त्यांनी वही उघडली, तारीख घातली, आणि पेन्सिलीने काहीतरी लिहिलं.

"चिठ्ठी पाठव," ते म्हणाले आणि बाकावर टेकून बसले. "म्हणावं, दीड सेंटिमीटर बाकी आहे. पहिल्या पानाचा."